एचएमटीचा खरा धनी

नागपूर, रायपूर किंवा हैदराबादच्या किराणा दुकानात जाऊन एचएमटी मागितला की दुकानदार काही विचारत नाही. बारीक दाण्याचा, शिजला की मोकळा होणारा तांदूळ तोलून पुढे करतो. लग्नाच्या पंगतीला एचएमटी आहे म्हटले की यजमानाची मान ताठ होते. पण एचएमटी म्हणजे काय, असे शंभर जणांना विचारून पाहा. थोडेफार जाणणारे घड्याळाचे नाव सांगतील. या धानाला जन्म देणाऱ्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे नाव मात्र त्यातल्या किती जणांच्या तोंडी येईल? आपल्या समाजातही खोब्रागडे म्हटले की बॅरिस्टर राजाभाऊ आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु चंद्रपूरच्या मातीत त्याच आडनावाचा आणखी एक माणूस होऊन गेला. त्याने संसदेत भाषण केले नाही, निवडणूक लढवली नाही. त्याने देशाला तांदूळ दिला.

दादाजींचा जन्म १९३९ च्या सुमाराचा. गाव नांदेड. मराठवाड्यातले नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातले नांदेड. हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, आणि मधे माजी मालगुजारांचे तलाव, ज्यांना आज सगळे मामा तलाव म्हणतात. या तलावांचे पाणी कुणाच्या बांधीत आधी जायचे आणि कुणाच्या शेवटी, हे गावातल्या प्रतिष्ठेवर ठरत आले आहे. अशा गावात दलित कुटुंबात जन्मलेल्या पोराच्या वाट्याला शाळा किती येणार? दादाजी तिसरीपर्यंत शिकले. पुढे वडिलांबरोबर शेतात राबणे हीच शाळा झाली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा दादाजी सोळा-सतरा वर्षांचे होते.

शेती म्हणावी तर नावापुरती. कुटुंबातल्या आजारपणापायी होती ती जमीनही विकावी लागली आणि नंतर नातलगाकडून मिळालेल्या दीड एकरावर त्यांनी आपले काम चालवले. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात तुकड्याच्या लांबी-रुंदीपेक्षा त्यावर राबणाऱ्याच्या हाती साधने आणि भांडवल किती आहे, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला होता. दादाजींच्या हाती भांडवल नव्हते, बैलबारदाणा जेमतेम होता, प्रयोगशाळा तर स्वप्नातही नव्हती. होते ते दोन डोळे, आणि पिकाकडे रोज पाहण्याची सवय.

१९८३ चा हंगाम. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून फुटून वेगळा झाला त्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. दादाजींच्या बांधीत ‘पटेल-३’ जातीचे धान उभे होते. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेली ही जात. तिच्या नावातच तिच्या निर्मात्याचे आडनाव आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. या धानात दादाजींना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, बारीक, बाकीच्यांत न मिसळणारा. दुसऱ्या कुणी कापणीत त्या लोंब्या पेंढीत बांधून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी जपून ठेवल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी ते दाणे बांधीच्या मधोमध लावले. जंगल लागूनच, म्हणजे रानडुकराची भीती कायमची. म्हणून भोवती काटेरी झुडपांचा आडोसा केला. आलेल्या धानातून पुन्हा तसेच दाणे निवडले, पुन्हा परे टाकले, पुन्हा रोवणा केला. वेगळे दिसणारे झाड उपटून टाकायचे, हवे तेच राखायचे. असे एक वर्ष नाही, पाच-सहा वर्षे. धानाचे वर्षातून एक पीक, म्हणजे वर्षातून एक पिढी. ज्याच्या घरात पावसाळ्यात खायला पुरेसे नाही, त्याने मूठभर बियाणे न खाता सहा पावसाळे राखणे म्हणजे काय, हे पोट भरलेल्या माणसाला सांगून कळायचे नाही.

इथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. धानाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे एका लोंबीत काही वेगळा गुण आला, मग तो निसर्गतः झालेल्या संकराने येवो की बियाच्या आतील बदलाने, आणि कुणी ती लोंबी वेगळी ठेवून पिढ्यान् पिढ्या निवडत गेला, तर तो गुण स्थिर होतो आणि नवी जात तयार होते. शास्त्रज्ञ याला निवड पद्धत म्हणतात. कृषी विद्यापीठांमध्ये पदवीच्या अभ्यासात ती शिकवली जाते आणि तिच्या बळावर काढलेल्या जातींवर पदोन्नत्या मिळतात. दादाजींनी केले ते तंतोतंत हेच. त्यांना फक्त तिचे इंग्रजी नाव ठाऊक नव्हते.

१९९० मध्ये गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीड क्विंटल बियाणे नेले आणि चार एकरांत लावले. पन्नास क्विंटल धान झाले. ते तळोधीच्या बाजारात गेले, तेव्हा व्यापाऱ्याने विचारले, ही जात कोणती? जातीला नाव नव्हते. त्या काळात मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही मोठी गोष्ट होती. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव देऊन टाकले. बंगळुरूच्या हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याचा धानाशी काडीचा संबंध नाही. पण डॉ. पटेलांच्या धानाला पटेलांचे नाव लागले आणि दादाजींच्या धानाला घड्याळाचे. त्या घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये केंद्र सरकारने बंद करायचा निर्णय घेतला. आज नव्या पिढीला एचएमटी माहीत आहे ते तांदळामुळे, घड्याळामुळे नव्हे.

बियाणे हातोहात पसरले. शेतकऱ्याने शेतकऱ्याला दिले, पायलीला पायली, पाहुण्याने पाहुण्याकडे नेले. नागभीडवरून ब्रह्मपुरी, सिंदेवाही, गडचिरोली, भंडारा, आणि तिथून छत्तीसगड, आंध्र. दाणा बारीक, भरडल्यावर तांदूळ जास्त निघतो, भात चवीला चांगला. बाजारात भाव चढा मिळाला. गिरणीवाल्याने कमावले, अडत्याने कमावले, बियाणे विकणाऱ्या दुकानदारांनीही कमावले. दादाजींनी बियाणे विकले ते धानाच्या भावाला, कुणाला तर तसेच दिले. ते बियाणे आपल्या मालकीचे आहे आणि दुसऱ्याने लावू नये, असा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. झाडीपट्टीत कुणाच्याच मनाला शिवत नाही.

आणि मग १९९४ साल उजाडले. सिंदेवाही येथे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. त्या केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी म्हणून नेले. सरकारी माणसे आपल्या झोपडीवजा घरी येऊन आपले बियाणे मागतात, याचा त्यांना आनंदच झाला असणार. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, विद्यापीठाने नवी जात प्रसारित केली. नाव ठेवले ‘पीकेव्ही-एचएमटी’. घड्याळाचे नाव राहिले, विद्यापीठाची आद्याक्षरे त्याच्या डोक्यावर बसली. दादाजींना त्या नावात जागा मिळाली नाही आणि त्या बियाण्याच्या विक्रीत वाटाही मिळाला नाही.

वाद उठला तेव्हा विद्यापीठाची बाजू अशी होती की शेतकऱ्याकडचे बियाणे मिसळलेले होते, ते आम्ही शुद्ध केले, म्हणून जात आमची. आपण न्यायाने बोलू. बियाणे शुद्ध करणे हे खरे काम आहे. त्यात मेहनत आहे, त्याने पिकात एकसारखेपणा येतो, आणि विद्यापीठाने ते केले असेल तर त्याचे श्रेय त्याला जरूर द्यावे. पण शुद्ध करणे म्हणजे तरी काय? वेगळे झाड काढून टाकणे आणि हवे ते राखणे. दादाजींनी सहा वर्षे बांधीत चिखलात उभे राहून केले ते हेच, आणि केंद्रातील पगारी तज्ज्ञांनी सरकारी जमिनीवर केले तेही हेच. मग एकाच कामाला दोन नावे कशी? तिसरी पास माणसाला ते धान ‘सापडले’ आणि पदवीधराने ते ‘विकसित केले’? ज्या देशात डोक्याचे काम एका वर्णाकडे आणि हाताचे काम दुसऱ्याकडे अशी वाटणी दोन हजार वर्षे चालली, तिथे हा फरक नुसत्या शब्दांचा आहे असे मानायला आमचे मन तयार नाही. वर पाहिले तर आणखी एक दुःख. ज्या पंजाबरावांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, त्यांनी अमरावतीत अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून बहुजनांना बरोबर घेऊन लढा दिला होता. त्यांच्या नावाची आद्याक्षरे एका दलित शेतकऱ्याचे नाव पुसायला वापरली गेली.

दादाजी कोर्टात गेले नाहीत. जाणार कशाच्या बळावर? १९९८ मध्ये शेतकऱ्याने काढलेल्या जातीला संरक्षण देणारा कायदाच देशात नव्हता. भारत १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, त्या कराराने वनस्पतींच्या जातींना संरक्षण देणे बंधनकारक केले, आणि २००१ मध्ये आपल्याकडे पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. या कायद्याचे कौतुक करायला हवे. त्याच्या कलम ३९ ने नवी जात काढणाऱ्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञाच्या बरोबरीने नोंदणीचा हक्क दिला. बियाणे राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे, विकणे हे त्याचे हक्क शाबूत ठेवले. फक्त संरक्षित जातीचे बियाणे छाप मारून विकायला मनाई केली. कलम ४० सांगते की जात काढताना आदिवासी वा ग्रामीण कुटुंबांनी जपलेले बियाणे वापरले असेल तर अर्जदाराने ते उघड केले पाहिजे. सिंदेवाहीची गोष्ट या कलमानंतर घडली असती तर ती पाच किलोंची पिशवी कागदावर आली असती. कायदा मात्र उशिरा आला, आणि आल्यावरही त्याचे दार ठोठवायला इंग्रजी अर्ज, नमुने आणि जात वेगळी आहे हे सिद्ध करणाऱ्या चाचण्या लागतात. नागभीड तालुक्यातल्या दीड एकरवाल्याला हे कोण करून देणार?

दादाजींनी मात्र हातावर हात ठेवला नाही. माणूस चिडून घरी बसला असता तर कुणी दोष दिला नसता. ते पुन्हा बांधीत उतरले. नांदेड चेन्नूर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न अशा एकामागून एक जाती त्यांनी निवडल्या. त्यांतल्या एकीला त्यांनी नाव दिले डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे. या वेळी नाव ठेवायला व्यापारी लागला नाही आणि विद्यापीठही लागले नाही. गावाचे नाव जातीला देण्याचा त्यांचा शिरस्ताही आम्हाला मोठा वाटतो. ज्या गावाने त्यांना वेशीबाहेरचे मानले असेल, त्याच गावाचे नाव त्यांनी धानाला लावले.

अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने, म्हणजे प्रा. अनिल गुप्तांच्या हनी बी चळवळीतून उभ्या राहिलेल्या संस्थेने, त्यांची दखल घेतली. एचएमटी पाच राज्यांत एक लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर घेतला जातो, असे या प्रतिष्ठानाने नोंदवले. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींना पुरस्कार मिळाला. मग महाराष्ट्र शासनालाही जाग आली आणि कृषिभूषण पुरस्कार दिला गेला, सुवर्णपदकासह. २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने ग्रामीण भारतातील सात प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. उद्योजक! ज्याच्याकडे उद्योग नव्हता, नफा नव्हता, घरात दोन वेळची भ्रांत होती. घरच्या अडचणीत पदक विकायला काढले तेव्हा ते निव्वळ सोन्याचे नाही असे निघाले, आणि वर्तमानपत्रांनी ते छापले तेव्हा राज्यभर चर्चा झाली. त्या चर्चेतही बोलणे पदकाच्या सोन्यावर झाले, एचएमटीच्या उत्पन्नातल्या वाट्यावर फारसे कुणी बोलले नाही.

शेवटची वर्षे वाईट गेली. अर्धांगवायूने अंथरूण धरले. उपचाराला पैसे नाहीत ही बातमी फिरली, लोकांनी वर्गणी काढली, शासनाने मदत जाहीर केली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राम येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. रोहिणीचे पाणी पडून गेले होते, झाडीपट्टीत परे टाकायचे दिवस जवळ आले होते.

दादाजींची ही कहाणी आज काढायचे कारण आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादित धानाच्या दोन जाती जाहीर केल्या. एक ‘कमला’, सांबा मसुरीपासून केलेली. दुसरी ‘पुसा डीएसटी राइस १’, एमटीयू १०१० पासून. बाहेरचे जनुक न घालता धानाच्याच जनुकात काटछाट करायची, अशी ही रीत. अशा काही प्रकारच्या पिकांना जनुकीय सुरक्षिततेच्या जुन्या कडक तपासणीतून मार्च २०२२ मध्येच सूट देण्यात आली आहे. पाणी कमी लागेल, खारट जमिनीत तग धरेल, असे सांगितले जाते. चांगलेच आहे. विज्ञानाला विरोध करणे हे आंबेडकरी माणसाचे काम नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधीत चार पोती जास्त येणार असतील तर त्याला आमचा नकार कशाला असेल? पण ज्या कात्रीने ही काटछाट होते तिच्या मालकीवर अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये वर्षानुवर्षे खटले चालले आहेत, आणि जे कापले जाते ते धान शेवटी कुणाच्या तरी बांधीतून आलेले आहे. उद्या कुणी प्रयोगशाळा चेन्नूर घेईल, कुणी गडचिरोलीच्या माडिया गोंडांनी जपलेले रानातले धान घेईल, एक अक्षर बदलेल आणि पिशवीवर आपले नाव छापेल. तेव्हा कलम ४० चा रकाना कोण भरणार? खाणाऱ्याला दुकानात काय सांगितले जाणार?

खाणारा म्हणजे तुम्ही-आम्ही. या सगळ्यात आपण नुसते गिऱ्हाईक आहोत असे म्हणून सुटता येत नाही. दार्जिलिंगचा चहा घेताना आपण शिक्का पाहतो, रत्नागिरीच्या हापूससाठी पेटीवरचे नाव पाहतो. जिथे गाव प्रतिष्ठेचे आहे तिथे गावाचे नाव चालते. एचएमटीच्या पोत्यावर मात्र गिरणीचे नाव, व्यापाऱ्याचा वाघ किंवा गणपती, आणि मधोमध बंद पडलेल्या घड्याळाची तीन अक्षरे.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. पीकेव्ही-एचएमटीचा मूळ निर्माता म्हणून दादाजी रामाजी खोब्रागडे, रा. नांदेड, ता. नागभीड, जि. चंद्रपूर, ही ओळ आपल्या माहितीपत्रकात आणि बियाण्याच्या पिशवीवर छापावी. १९९८ पासून त्या बियाण्याच्या विक्रीतून किती उत्पन्न आले त्याचा हिशेब जाहीर करावा, आणि त्यातला वाटा झाडीपट्टीतील धान राखणाऱ्या दलित-आदिवासी शेतकऱ्यांच्या बियाणे बँकांसाठी द्यावा. सिंदेवाहीच्या केंद्रात १९९४ च्या त्या पाच किलो बियाण्याची नोंद असलेले रजिस्टर असेल, तर तेही लोकांना पाहायला उघडे ठेवावे.